सवयीचा संगणक सोडतांना

घर बदलण्याचा प्रसंग बहुतेक कुटुंबांवर केव्हां ना केव्हां येतोच. जुन्या घरांत रात्रीं दिवा न लावतां आपण पाण्याच्या माठापर्यंत बिनधोक जातों. उंबरठा किती उंच आहे, फडताळ कोणत्या कोपऱ्यांत आहे, खुंटी कोणत्या हाताला आहे, हें सारें हातापायांस ठाऊक असतें. नव्या घरांत मात्र पहिल्याच रात्रीं ठेच लागते. नवें घर वाईट असतें म्हणून नव्हे; आपलीं पावलें अद्यापि जुन्याच घरांत चालत असतात म्हणून.

दृष्टिहीन मनुष्य एका पद्धतीचा संगणक सोडून दुसऱ्या पद्धतीच्या संगणकाकडे वळतो, तेव्हां त्याची स्थिति नेमकी अशीच होते. हें आम्हीं पुस्तकांत वाचलें नाहीं. गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत प्रत्यक्ष पाहिलें. आमचा एक माजी विद्यार्थी जन्मतः दृष्टिहीन असून एका कचेरींत हिशेबाचें व पत्रव्यवहाराचें काम करतो. दहा वर्षें तो विंडोज पद्धतीच्या संगणकावर काम करीत आला होता. कचेरीनें सर्वच संगणक बदलून मॅक पद्धतीचे आणण्याचें ठरविलें व त्याला दीड महिन्याची मुदत दिली. तो आमच्याकडे आला आणि त्यानें पहिला प्रश्न केला, "सर, माझी नोकरी राहील ना?" त्या दिवसांत त्याच्यासंगें बसून आम्ही जें शिकलों, तें विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम, दृष्टिहीन मनुष्य संगणक वापरतो तरी कसा, हें पाहूं. कित्येकांची समजूत अशी कीं, त्याच्या कीबोर्डावर ब्रेल अक्षरें असतात. तसें नाहीं. कीबोर्ड आपलाच असतो. 'एफ्' आणि 'जे' या दोन कळांवर बारीकशी उंचवट रेघ असते, ती कोणत्याही कीबोर्डावर बोट फिरविल्यास लागते; तिच्यावरून बोटें आपली जागा ओळखतात. पडद्यावरील मजकूर बोलून दाखविण्याचें काम 'स्क्रीन-रीडर' नांवाचा प्रोग्रॅम करतो. माऊसचा बाण कोठें आहे तें डोळ्यांनींच कळतें, म्हणून माऊस त्याच्या फारसा उपयोगाचा नाहीं. सर्व कामें तो कळांनींच करतो. 'एच्' दाबावें आणि वेबपानावरच्या पुढच्या मथळ्यावर जावें, 'टॅब' दाबावें आणि पुढच्या बटनावर जावें, अशी त्याची चाल असते. आमच्या मित्राचा संगणक इतक्या वेगानें बोलत असे कीं, आम्हांस त्यांतला एकही शब्द लागेना. तो मात्र शांतपणें ऐकत टंकलेखन करी. याशिवाय त्याच्याजवळ ब्रेल-डिस्प्ले नांवाचें एक लहान यंत्र होतें. पडद्यावरील ओळ त्यावर बारीक टांचण्यांच्या रूपानें वर उठते व ती बोटांनीं वाचतां येते.

असा घरबदल दृष्टिहीनांच्या वांट्यास प्रथमच आला आहे, असें मात्र नव्हे. डॉस पद्धतीच्या काळीं संगणकाच्या पडद्यावर बहुधा केवळ अक्षरेंच असत, आणि अक्षरें वाचून दाखविणें प्रोग्रॅमला त्या मानानें सोपें होतें. पुढें अक्षरांच्या जागीं चित्रें आलीं, खिडक्या आल्या, माऊस आला. आणि हातचीं कामें जातात कीं काय, या भीतीनें अनेक दृष्टिहीन लोक व्याकुळ झाले. मॅकिंटॉश संगणकावरील चित्रमय पडदा बोलून दाखविणारा 'आउटस्पोकन' हा प्रोग्रॅम १९८९ सालीं निघाला. टेड हेंटर या अमेरिकन गृहस्थांची दृष्टि १९७८ च्या एका मोटार-अपघातांत गेली होती. त्यांच्या संस्थेनें काढलेला 'जॉज' हा प्रोग्रॅम विंडोजसाठीं १९९५ सालीं आला. २००५ सालीं मॅक संगणकांतच 'व्हॉइसओव्हर' हा वाचक विनामूल्य समाविष्ट झाला. २००६ सालीं मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणानें 'एनव्हीडीए' हा विनामूल्य प्रोग्रॅम लिहावयास घेतला. आज जगभर दृष्टिहीन लोक तो विंडोजवर वापरतात. आमचा मित्रही त्यांतलाच. सारांश, प्रत्येक स्थलांतरांत पुढची वाट पुष्कळदा दृष्टिहीनांनीं स्वतःच खणून काढली आहे.

आतां एनव्हीडीए सोडून व्हॉइसओव्हरकडे जातांना ठेचा कोठें लागतात तें पाहूं.

पहिली ठेच अंगठ्याची. विंडोजमध्यें नक्कल करावयाची तर करंगळीनें 'कंट्रोल' दाबून 'सी' दाबावें लागतें. मॅकमध्यें तेंच काम 'कमांड' या कळीनें होतें, आणि ती अंतर सोडण्याच्या लांब पट्टीला लागून असल्यामुळें तिथें अंगठा जावा लागतो. डोळस मनुष्य खालीं पाहून चूक सुधारतो. ज्याची सारी विद्या बोटांत आहे, त्याला बोटेंच पुन्हां शाळेंत घालावीं लागतात.

दुसरी ठेच 'एंटर' कळीची, आणि ही अधिक फसवी. विंडोजमध्यें फाईलीवर 'एंटर' दाबलें कीं ती उघडते. मॅकच्या फाईलयादींत तीच कळ दाबली तर फाईलीचें नांव बदलण्याची तयारी होते. फाईल उघडण्यास 'कमांड' व 'ओ' दाबावें लागतें. पहिल्याच दिवशीं आमच्या मित्रानें सवयीनें 'एंटर' दाबलें, फाईल उघडली असें समजून पत्राचा आरंभ टंकित केला आणि पुन्हां 'एंटर' दाबलें. फाईलीचें नांवच "महाशय" असें होऊन बसलें! ती शोधण्यांत जवळ जवळ तासभर गेला. चूक यंत्राची नव्हती, त्याचीही नव्हती; दहा वर्षांची इमानी सवय तेवढी नव्या घरांत जुन्या दाराची कडी शोधीत होती.

तिसरी गोष्ट खोल्यांची. व्हॉइसओव्हर एखाद्या यादीपाशीं किंवा बटनांच्या समूहापाशीं येऊन पुष्कळदा दारांतच थांबतो. आंत जावयाचें तर 'कंट्रोल', 'ऑप्शन' व 'शिफ्ट' धरून खालचा बाण दाबावा लागतो. बाहेर येण्यास तसेंच करून वरचा बाण. हें ठाऊक नसल्यास खोली रिकामीच आहे, असें वाटतें. आमच्या मित्राला पहिले दोन दिवस तसेंच वाटत होतें.

चौथी गोष्ट सर्वांत सूक्ष्म. 'कमल' हा शब्द घ्या. कर्सर 'क' च्या अलीकडे असतां उजवा बाण दाबला, तर विंडोजवरील वाचक कर्सरच्या पुढें आलेलें अक्षर, म्हणजे 'म', बोलतो. व्हॉइसओव्हर मूळच्या रचनेंत ओलांडलेलें अक्षर, म्हणजे 'क', बोलतो. हा भेद न कळल्यास खोडतांना भलतेंच अक्षर जातें. व्हॉइसओव्हरमध्यें ही रीत बदलून घेतां येते. पण ती बदलतां येते हें आधीं कोणी तरी सांगावें लागतें.

येथें आमची एक चूक कबूल करणें अवश्य आहे. तिसऱ्या दिवशीं त्याला एक पत्र पाठवितां येईना. आम्हीं माऊस हातांत घेतला, दोन ठिकाणीं दाबलें आणि "झालें!" म्हणून मोकळे झालों. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, आपण पत्र पोंचविलेंत, पण मला रस्ता दाखविला नाहींत. उद्यां आपण नसाल." आम्हीं माऊस काढून कपाटांत ठेवला आणि त्यानंतर स्वतःही डोळे मिटून कळांनींच काम करूं लागलों. तेव्हां कळलें कीं, त्याला मदत करणारे आम्ही त्याच्याहून अधिक चांचपडत आहों.

त्यानंतर त्यानें जी शिस्त लावून घेतली, ती कोणतीही नवी विद्या शिकणारास उपयोगी पडेल. कळांची लांबलचक यादी पाठ करण्याच्या भरीस तो पडला नाहीं. कचेरींत दररोज आपणांस कोणतीं कामें करावीं लागतात, तीं त्यानें लिहून काढलीं: पत्र उघडणें, उत्तर लिहिणें, हिशेबाचा तक्ता उघडणें, बेरीज तपासणें, छापणें. प्रत्येक कामासाठीं लागणाऱ्या कळा त्यानें ब्रेल पाटीवर एकेका जाड कागदावर टोंचून घेतल्या, आणि रोज तीन कामें, अधिक नाहीं, असा नेम केला. व्हॉइसओव्हरमध्यें 'कंट्रोल', 'ऑप्शन' व 'के' दाबल्यास अभ्यासाची एक सोय सुरू होते. त्या वेळीं कोणतीही कळ दाबली तर ती आपलें नांव व काम सांगते, पण कांहीं घडत नाहीं. रोज सकाळीं तो पंधरा मिनिटें ह्या निर्धोक अंगणांत बोटें फिरवी. आवाजाचा वेग त्यानें आरंभीं कमी ठेवला व हळूहळू वाढविला. ब्रेल-डिस्प्ले मात्र जुनाच नव्या संगणकास जोडला; नवख्या घरांत ही एक वस्तु तरी ओळखीची राहिली. आणि मुख्य म्हणजे, नव्या संगणकावर एक अख्ख्या दिवसाचें काम दुसऱ्याच्या मदतीवांचून पुरें होईपर्यंत जुना संगणक त्यानें परत केला नाहीं. कचेरीनेंही तेवढी सवड दिली, हें तिला भूषणावह आहे.

मुदत संपण्यास चार दिवस असतां त्यानें महिन्याचा हिशेब स्वतः तयार करून वरिष्ठांकडे पाठविला. नेहमीच्या दुप्पट वेळ लागला, पण बेरजेंत चूक नव्हती. नोकरी राहिली. नव्या पद्धतींतल्या कांहीं गोष्टी आतां त्याला आवडतात, कांहींसाठीं तो अजून जुन्या घराची आठवण काढतो. आणि दोन्ही गोष्टी तो मोकळेपणानें सांगतो.

या अनुभवांतून आम्हांस तीन बोध घ्यावेसे वाटतात.

पालकांस आमची विनंति अशी कीं, घरांतील दृष्टिहीन मुलाचें काम प्रेमापोटीं आपण उरकून टाकूं नये. "इथें दाब, त्या निळ्या चौकोनावर" असें म्हणणें त्याच्या उपयोगाचें नाहीं. कळ कोणती, बटनाचें नांव काय, हें सांगावें, आणि हात त्याचाच चालूं द्यावा. संगणक बोलतो म्हणून ब्रेल शिकविण्याचें टाळूं नये; शब्दाचें शुद्ध रूप कानाला कळत नाहीं, तें बोटांना कळतें.

जे पुढें कचेऱ्या चालवितील त्यांनीं लक्षांत ठेवावें कीं, यंत्र बदलण्याआधीं आपले कामाचे प्रोग्रॅम नव्या यंत्रावर बोलतात कीं नाहीं, हें ज्याला तें वापरावयाचें आहे त्यालाच विचारलें पाहिजे. सरकारी आस्थापनांनीं दिव्यांग कर्मचाऱ्यांस योग्य त्या सोयी द्याव्या, असें २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमांत सांगितलें आहे. शिकण्यास पुरेसा अवधि देणें ही आमच्या मतें त्यांतली पहिली सोय होय.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कित्येक पुढें स्वतः प्रोग्रॅम लिहितील. पडद्यावर तुम्ही सुंदर चित्राचें बटन काढाल, पण त्याला नांव दिलें नाहीं तर स्क्रीन-रीडर केवळ "बटन" एवढेंच बोलेल, आणि दारापाशीं उभा असलेला मनुष्य दार कशाचें आहे हें न कळल्यामुळें बाहेरच राहील. नांव देण्यास तुम्हांस एक क्षण लागेल. त्या क्षणावर कोणाची तरी भाकरी अवलंबून असते, एवढें ध्यानांत असूं द्या.