गाडी वळणावर अंग टाकते तेव्हा

तू विचारलंस, “मामा, वळणावर गाडी फार कलते, मागे बसलेल्या आईला मळमळतं. काय बसवून घेऊ?” रोजचा चिपळूण-पोफळी आणि सुटीला कुंभार्ली घाट चढून कराड, असा तुझा रस्ता. म्हणजे गाडी शर्यतीची नाही, पोटापाण्याची आहे. त्या हिशेबाने सांगतो. ज्या क्रमाने सांगतोय, त्याच क्रमाने कर.

१. आधी झिजलेलं बदल. घाटात काही वर्षं चाललेल्या गाडीचा झोल पुष्कळदा झिजेनेच आलेला असतो. गाडी सपाटीवर उभी कर, हँडब्रेक ओढ, मागच्या चाकाला दगड लाव. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरव आणि चाकामागे हात घालून स्टॅबिलायझर बारचा (त्याबद्दल चौथ्या मुद्द्यात) लिंक रॉड जोरात हलव. ‘कट्’ असा आवाज आला किंवा बोटांना ढिलेपणा जाणवला, तर त्याचा बॉल जॉइंट गेला म्हणून समज. मग लोअर आर्मच्या बुशवर टॉर्च मार. रबराला भेगा पडल्या असतील किंवा ते धातूपासून सुटलं असेल, तर वळणावर चाक जागेवर राहत नाही. शॉकअपच्या अंगावर तेलकट धुळीचा थर दिसला तर तो गळतोय. शॉकअप नेहमी जोडीने बदलायचा, डावा-उजवा एकदमच. एवढं केल्यावर महिनाभर गाडी चालव. कदाचित पुढचं काहीच लागणार नाही.

२. हवा आणि ओझं बघ. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर असतं. त्यावर एकट्याने जातानाचा आणि भरल्या गाडीचा, असे वेगवेगळे आकडे असतात. हवा सकाळी, टायर थंड असताना मोज. हवा कमी असली की टायरची बाजू दुमडते आणि आपल्याला वाटतं सस्पेन्शनच गेलं. टपावरचं कॅरियर काम नसेल तेव्हा उतरवून ठेव. जड सामान डिकीत, खाली ठेव. वजन जितकं उंचावर, तितकी गाडी जास्त कलणार.

३. शॉकअपकडून भलती अपेक्षा ठेवू नकोस. गाडी किती झपकन कलते, ते शॉकअप ठरवतो. किती कलते, ते स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार ठरवतात. घाटात डावं वळण संपायच्या आत उजवं सुरू होतं, तिथे चांगला शॉकअप गाडी लवकर सावरतो. पण लांबलचक एकाच वळणावर कितीही महागडा शॉकअप गाडीचं कलणं थांबवणार नाही.

४. खर्च करायचाच तर बारवर कर. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी ही स्टीलची सळई. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर गेली की ती नुसती बुशमध्ये फिरते, त्यामुळे बसणाऱ्याला त्रास नाही. वळणावर एक चाक वर आणि एक खाली झालं की तिला पीळ बसतो आणि ती गाडीला सरळ धरायला बघते. तिचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरऐवजी त्याच धातूचा, त्याच आकाराचा २२ चा भरीव बार घातला, तर तो जवळजवळ दीडपट कडक होतो. म्हणून एकच पायरी चढ. फार जाड बार घातलास तर एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्या बाजूलाही हिसका देतो आणि पावसात आतल्या चाकाची पकड जाते. पुढचं चाक ओढणाऱ्या गाडीत नुसता पुढचा बार जाड केला, तर वळणावर नाक बाहेर पळतं. मागचा अती कडक केला, तर ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटते. गाडीचा स्वभाव न बिघडवणारा, तुझ्याच मॉडेलसाठी बनवलेला बार घे.

५. गाडी खाली बसवू नकोस. बुटक्या स्प्रिंगने गाडी देखणी दिसते, पण आपल्या स्पीडब्रेकरवर पोट घासतं. शिवाय मॅकफर्सन स्ट्रटच्या गाड्यांत लोअर आर्मचा कोन बिघडतो, तो फार बिघडला तर कलणं उलट वाढू शकतं. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे ठोकळे बसवून देणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस. तेवढी वेटोळी काम करेनाशी होतात आणि उरलेल्यांवर जास्तीचा ताण येतो.

६. काम डोळ्यांदेखत करून घे. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. लिफ्टवरच काम उरकणाऱ्याला हे आठवण करून दे. स्ट्रट किंवा आर्म उघडला असेल, तर व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी घरी आणू नकोस. आणि काही बदलण्याआधी विमा कंपनीला लेखी विचार. गाडी वॉरंटीत असेल तर शोरूमलाही विचार.

७. वेगाचा हिशेब विसरू नकोस. त्याच वळणावर ताशी ३० ऐवजी ४० ने गेलीस, तर गाडीला बाहेर ढकलणारा जोर जवळपास पावणेदोन पट होतो. बार जाड केला म्हणून तो जोर कमी होत नाही, फक्त तो तुला कमी जाणवतो. म्हणून गाडी थोडी कलू दे. ते कलणंच सांगतं, की वेग जास्त झालाय. वळणाआधी वेग कमी कर, वळणात स्टिअरिंग एकाच लयीत फिरव, बाहेर पडताना हळूहळू रेस दे.

८. शेवटची परीक्षा मागच्या सीटवर घे. काम झालं की गाडी दुसऱ्याला चालवायला दे आणि त्याच घाटात तू आईशेजारी मागे बस. वळणं सुसह्य वाटली आणि खड्ड्यात कंबर शाबूत राहिली, तर पैसे सत्कारणी लागले. कंबर दुखली, तर बार एक पायरी बारीक कर.