डांगरवाडी गेली, तर बिघडलं कुठं?

प्रश्न : आमच्याकडे औष्णिक वीज केंद्र आलं, कोळसा खाणी आल्या, पोरं पगारावर लागली. कन्हानच्या पात्रातली टरबुजांची डांगरवाडी अन् मासेमारी मात्र नावालाच उरली. जुनं जगणं गेल्यानं खरंच काही बिघडतं का?
– एक वाचक, खापरखेडा

उत्तर : कष्ट गेले, त्यात काहीच बिघडलं नाही. भर उन्हात वाळूत खड्डे करून टरबूज पिकवणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या ढिवराचा मुलगा केंद्रात ऑपरेटर झाला, तर त्याला ‘परंपरा राख’ म्हणायचा हक्क पंख्याखाली बसून लिहिणाऱ्या मला नाही. तुमचं १,३४० मेगावॉटचं केंद्र माझ्यासारख्यांचेच पंखे फिरवतं.

पण सगळ्यांनीच वाडी आपखुशीनं सोडली का? जुलै २०२२ मध्ये शेजारच्या कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राख कोलार नदीतून कन्हानमध्ये उतरली. नागपूरच्या पाणीपुरवठ्याला झळ बसली, तेव्हा त्याची मोठी बातमी झाली. ज्याला केंद्रात नोकरी नाही आणि नदीत मासाही नाही, त्याचं जुनं जगणं ‘गेलं’ म्हणू नये. ते हिरावलं गेलं.

दुसरं नुकसान माहितीचं, ते लवकर कळत नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, घ्या. तिथं रोहू-कतल्याचं बीज सोडायची पद्धत रुळली, काठानं बेशरमाची झुडपं माजली, पाणवनस्पती गेल्या आणि देशी मासे घटले. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं उपाय शोधला तो ढिवरांनाच विचारून : कोणता मासा कोणत्या वनस्पतीत राहतो, काय खातो, अंडी कुठं घालतो. मग गावकऱ्यांनी, त्यातही बायकांनी, बेशरम उपटली, देशी वनस्पती लावल्या. मासे परतले. ही माहिती म्हाताऱ्या ढिवरांच्या डोक्यात होती. ती माणसं आधीच गेली असती, तर विचारायचं कुणाला?

म्हणून माझं उत्तर : धंदा बदलला तर बदलू द्या, पण नदीची माहिती जाऊ देऊ नका. कन्हान, पेंच आणि कोलार जिथं मिळतात तो बिना संगम तुमच्याजवळच आहे. तिथल्या एखाद्या जुन्या ढिवराकडं वही घेऊन बसा. उन्हाळ्यात कोणत्या डोहात पाणी टिकायचं, कोणते मासे कधीपासून जाळ्यात येईनासे झाले, हे लिहून घ्या. आणि लिहिलेल्याची एक प्रत आम्हालाही पाठवा.