ब्रँडेड मशीन उघडण्याआधी

मोहगावात एमपी ऑनलाइनचं किऑस्क असो, फोटोचं दुकान असो की हिशेब लिहिणाऱ्याची खोली, टेबलाखाली अनेकदा सेकंडहँड ब्रँडेड मशीन सापडतं. डेलचं ऑप्टिप्लेक्स, एचपीचं प्रोडेस्क, नाहीतर लेनोव्होचं थिंकसेंटर. मोठ्या कंपन्या काही वर्षं वापरून ही मशीनं घाऊक काढून टाकतात आणि ती नागपूरच्या बर्डीवरून इकडे पोचतात. मशीन म्हणून ती दणकट. पण ती बनवली गेली एका वेळी शेकड्यानं खरेदी करणाऱ्या ऑफिससाठी, जिथे काही बिघडलं की कंपनीचा माणूस नेमका तोच पार्ट घेऊन येतो. दुसऱ्या मालकाचा विचार त्यात कुणी केलेला नाही. बाजारातला पार्ट आत बसेलच असं नाही, आणि चुकीचा आणला तर सौंसर गाठून पुन्हा नागपूर. त्यामुळे खरेदी शेवटी, आधी तपासणी.

सुरुवात मॉडेलपासून. नाव, नंबर आणि प्रोसेसरची जनरेशन कागदावर लिहून घ्या. नुसतं ‘डेल आय-फाइव्ह’ म्हणून दुकानदाराला काही कळत नाही. ऑप्टिप्लेक्स ९०२० आणि ७०५० या दोन्हींत आय-फाइव्ह असतो; पहिल्याला डीडीआर३ रॅम लागते, दुसऱ्याला डीडीआर४, आणि दोन्हींच्या खाचा वेगळ्या. त्याच नावाचं मशीन मोठ्या टॉवरमध्ये येतं, बारक्या एसएफएफ डब्यात येतं आणि हातात मावणाऱ्या मायक्रोतही येतं. कागदावर तेही लिहा.

मशीन अजून घ्यायचंच असेल तर दुकानातच सुरू करून बायोस उघडायला लावा. डेलमध्ये एफ२, एचपीत एफ१०, लेनोव्होत बहुधा एफ१. पासवर्ड मागितला तर मशीन तिथेच ठेवा. जुन्या कंपनीनं घातलेला पासवर्ड काढायची डोकेदुखी तुमच्या गळ्यात पडेल. नंतर झाकण काढून बघा: हार्डडिस्कचा प्लॅस्टिकचा ट्रे आहे का, डिस्कला वीज देणारी वायर आहे का, एम.२ची खाच असेल तर तिचा इवलासा स्क्रू आहे का. विकणारे डिस्क काढतात तेव्हा हा ऐवज डिस्कबरोबर जातो. डेलचा ट्रे एचपीत चालत नाही, कित्येकदा डेलचाही डेलच्या पुढच्या मॉडेलात चालत नाही.

आता दुखणं नेमकं काय ते ओळखा. मशीन रोजच्यासारखं चालवा: फॉर्मची पानं, आधारचं स्कॅनर, प्रिंटर, सगळं एकदम. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्क्यांवर दिसली तर एसएसडी घाला. मेमरी काठोकाठ भरलेली असेल तर रॅम वाढवा. किऑस्कच्या कामाला याउपर फारसं काही लागत नाही, आणि सुदैवानं याच दोन गोष्टी ब्रँडेड मशीनमध्ये कमी कटकटीत होतात.

काम करायचं तेव्हा प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. कोरड्या उन्हाळ्यात हे विसरू नये. झाकण बहुतेक बिनस्क्रूचं असतं, खटका ओढला की निघतं. एवढ्यापुरतं या कंपन्यांचं कौतुक करायला हवं. कापसाच्या दिवसांत रस्त्याकाठच्या दुकानातल्या पंख्यांवर धुळीचा थर बसतो, तो कोरड्या ब्रशनं काढा. ब्लोअर मारलात तर पंख्याची पाती बोटानं धरून मारा. मग मोबाइलवर प्रत्येक वायरीचा फोटो काढा.

एसएसडी बसवताना पहिली अडचण विजेच्या वायरीची येते. साध्या असेंबल्ड मशीनमध्ये डिस्कची वायर एसएमपीएसमधून येते. ९०२० सारख्या मशीनमध्ये ती मदरबोर्डवरच्या छोट्या सॉकेटातून निघते. म्हणजे ती हरवली असेल तर कुठलीही वायर चालणार नाही, त्या मॉडेलची मागवावी लागेल. दुसरी अडचण बूटची. ९०२० च्या पिढीचं बायोस एनव्हीएमई डिस्कवरून थेट सुरू होत नाही, म्हणून तिथे साधी २.५ इंची साटा एसएसडी घ्या. ७०५० मध्ये एनव्हीएमई चालते.

तिसरी अडचण बायोसच्या पडद्यावर आहे. ‘साटा ऑपरेशन’ या जागी डेल बऱ्याचदा ‘रेड ऑन’ ठेवून देते, एकच डिस्क असली तरी. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर केली असेल तर ही सेटिंग बदलू नका, विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल. विंडोज नव्यानं टाकणार असाल तर आधी ‘एएचसीआय’ करा, मग टाका.

रॅम घेताना जुनी पट्टी सोबत न्या. स्वस्तात मिळणाऱ्या काही डीडीआर३ पट्ट्यांवर ‘ओन्ली फॉर एएमडी’ असं लिहिलेलं असतं; इंटेलच्या मशीनमध्ये त्या चालत नाहीत. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅमही नको. पट्टी दोन्ही खटके वाजेपर्यंत दाबा. पहिल्यांदा सुरू करताना पडदा थोडा वेळ काळा राहू शकतो, लगेच प्लग ओढू नका.

आता एसएमपीएस. खरा मनस्ताप इथे आहे. बाजारातल्या एसएमपीएसला मदरबोर्डसाठी २४ पिनांचा जोड असतो. ९०२० ला लागतो ८ पिनांचा, ७०५० ला ६ पिनांचा, लेनोव्होच्या एम९३पी ला १४ पिनांचा. एचपी एलिटडेस्क ८०० जी१ मध्ये ६ पिनांचा जोड आणि पंख्याच्या निरोपासाठी आणखी एक वेगळी वायर. एसएफएफमध्ये तर डब्याचा आकारच असा की साधा एसएमपीएस आत मावत नाही. यामागे कारणच नाही असं नाही. एसएमपीएसनं फक्त १२ व्होल्ट द्यायचे आणि ५ व ३.३ व्होल्ट मदरबोर्डनं स्वतः तयार करायचे, यात कमी भारावर वीज वाचते. इंटेलनं नंतर हाच विचार १० पिनांच्या एटीएक्स१२व्हीओ या मानकात आणला. पण तोवर प्रत्येक कंपनीनं आपापला जोड काढून ठेवला होता. वीज वाचवायला पिनांची संख्या दर पिढीला बदलावी लागत नाही. इथे मला या कंपन्यांची बाजू घेता येत नाही.

म्हणून एसएमपीएस बिघडल्याची खात्री झाल्याशिवाय त्याला हात लावू नका. डेलच्या अनेक टॉवरमध्ये एसएमपीएसच्या पाठीमागे एक बारीक बटण आणि शेजारी दिवा असतो. प्लग लावून बटण दाबा. हिरवा दिवा लागला तर एसएमपीएस निदान जिवंत आहे. खराबच असेल तर त्याच पार्ट नंबरचा जुना एसएमपीएस शोधा. २४ पिनांवरून ८ किंवा ६ पिनांचे अडॅप्टर मिळतात, पण साध्या एसएमपीएसचा स्टँडबाय पुरवठा ५ व्होल्टचा, आणि यातल्या अनेक मशीनांना तो १२ च्या आसपास लागतो. व्होल्टेज वाढवणारी सर्किटची छोटी पाटी ज्या अडॅप्टरवर नाही, तो घेऊ नका.

ग्राफिक कार्डाचा मोह फोटोवाल्यांना होतो. ९०२० च्या टॉवरचा एसएमपीएस २९० वॅटचा, एसएफएफचा २५५ चा. ७०५० एसएफएफचा फक्त १८०. कार्डासाठी वेगळी वायर नाही, म्हणजे जे मिळेल ते स्लॉटमधून, आणि स्लॉटची कमाल मर्यादा ७५ वॅट. बारक्या डब्यात कार्ड आखूड उंचीचंच हवं आणि त्याची आखूड पट्टीही सोबत हवी. जीटी १०३० सारखं ३० वॅटचं कार्ड निभतं. त्यापुढे जायचं असेल तर वेगळं मशीन घ्या. मॉनिटर जोडता येत नाही एवढीच तक्रार असेल तर कार्डाची गरजच नाही: ९०२० ला एचडीएमआय नाही, मागे व्हीजीए आणि डिस्प्लेपोर्ट आहेत. ‘डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय’ असा कनेक्टर मागा. उलट दिशेचा दिसायला तसाच असतो पण चालत नाही.

प्रोसेसर बदलून विंडोज ११ मिळवायचा बेत असेल तर सोडून द्या. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि ११ च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद वगळता, आठव्या जनरेशनपासून पुढचे आहेत. सातवी आणि आठवी दोन्ही एलजीए ११५१ सॉकेटच्याच, तरी ७०५० मध्ये आठवी चालत नाही.

सगळं जोडून सुरू केल्यावर मशीन कुरकुरलं तर घाबरू नका. पंखा, पुढच्या यूएसबीची वायर, झाकण उघडल्याचं ओळखणारं बटण, यांतलं काहीही सुटलं की ते अडून बसतं. डेलमध्ये एफ१ दाबून पुढे जाता येतं, पण रोज एफ१ दाबत बसण्यापेक्षा फोटो बघून वायर लावा. पंखा बदलताना जोडाच्या पिना मोजा. ऑप्टिप्लेक्सच्या अनेक पंख्यांना ५ पिना असतात, बाजारातल्यांना ३ किंवा ४. तारीख सारखी मागे जात असेल तर सीआर२०३२ सेल टाका.

झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. मॉडेल, रॅमचा प्रकार, एसएमपीएसच्या पिना आणि पार्ट नंबर, पंख्याच्या पिना. पुढच्या वेळी बर्डीला फोन करताना तोच वाचून दाखवायचा.