दारू-दुकानाच्या अनुज्ञप्तीचा फेरविचार : तक्रारीपासून निर्णयापर्यंत

गावाच्या नाक्यावर दारूचे एखादे लहानसे दुकान असते. सायंकाळी तेथे गर्दी जमते, शाळेतून परतणाऱ्या मुलींना वाट बदलावी लागते, मजुरीचा पैसा घरी पोचण्याआधीच दुकानाच्या गल्ल्यात जातो. गावात असंतोष वाढतो, मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते. तथापि काही महिन्यांनी पाहावे तो दुकान पूर्ववत चालू असते. असे का घडते आणि तक्रार परिणामकारक व्हावयाची असेल तर ती कोणत्या मार्गाने नेली पाहिजे, याचा विचार महाराष्ट्रातील कायद्याच्या आधारे येथे केला आहे.

अनुज्ञप्तीचे स्वरूप

मादक पेयांच्या सेवनास, औषधी प्रयोजन वगळता, आळा घालण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये सांगितले आहे. महाराष्ट्रात या विषयाचा मूळ कायदा म्हणजे १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम होय. २०१२ पासून तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो. या कायद्यान्वये दारूची विक्री सरसकट खुली नाही. अनुज्ञप्ती मिळालेल्यासच, आणि तीही अटींवर, विक्री करता येते. दारूचा व्यापार करणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली खोडे डिस्टिलरीज प्रकरणात स्पष्ट केले आहे.

परंतु याचा अर्थ असा नव्हे की, एकदा दिलेली अनुज्ञप्ती कोणीही केव्हाही हिरावून घ्यावी. ती रद्द करण्यास कारण लागते, ते कारण लेखी नोंदवावे लागते आणि अनुज्ञप्तिधारकास आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. बहुतेक तक्रारी अपयशी ठरतात त्या येथेच. गावाचे दुःख खरे असते. मात्र ते कागदावर आलेले नसते.

फेरविचाराच्या तीन वाटा

पहिली वाट अटींच्या भंगाची. अधिनियमाच्या कलम ५४ अन्वये, अनुज्ञप्तिधारकाने किंवा त्याच्या नोकराने अटींचा भंग केल्यास, अथवा देय शुल्क भरले नसल्यास, अनुज्ञप्ती देणारा अधिकारी ती निलंबित किंवा रद्द करू शकतो. ठरलेल्या वेळेबाहेर विक्री, कोरड्या दिवशी विक्री, वयाच्या अटीत न बसणाऱ्यास विक्री, नोकरनामा नसलेल्या माणसाकडून विक्री, या गोष्टी या सदरात येतात.

दुसरी वाट कलम ५६ ची. कलम ५४ मध्ये न बसणाऱ्या अन्य कारणासाठी अनुज्ञप्ती रद्द करावयाची झाल्यास किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन, अथवा कारणे नोंदवून तत्काळ, ती रद्द करता येते.

तिसरी वाट मतदानाची. २००८ साली शासनाने काढलेल्या आदेशाने गावाला हा अधिकार दिला. गावातील महिला मतदारांपैकी अथवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के मतदारांनी सह्यांनिशी मागणी केल्यास, सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. ज्यांना अक्षरओळख नाही अशा मतदारांनाही आपले मत निःसंदिग्धपणे देता यावे, हा या चिन्हांचा लाभ होय.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. या आदेशात निम्म्याहून अधिक मते मोजली जातात ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील मतदारांच्या प्रमाणात. समजा, गावात ६०० महिला मतदार आहेत. मागणीसाठी १५० सह्या पुरेशा होतात. दुकान बंद होण्यासाठी मात्र किमान ३०१ मते लागतात. ४२० महिलांनी मतदान केले, त्यांपैकी २९० जणींनी आडव्या बाटलीस व १३० जणींनी उभ्या बाटलीस कौल दिला, तरी दुकान चालूच राहील. घरी राहिलेली प्रत्येक स्त्री, तिची इच्छा काहीही असो, परिणामी दुकानाच्या बाजूने मोजली जाते. म्हणून मतदार यादी आधी तपासणे आणि त्या दिवशी प्रत्येकीला केंद्रापर्यंत येता यावे अशी सोय करणे, हेच या कामातील निम्मे यश होय. नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात; अर्ज करण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षक कार्यालयात चालू तरतुदी पाहून घ्याव्यात.

तक्रार कशी असावी

‘दुकानामुळे गावाला त्रास होतो’ एवढेच वाक्य चौकशी अधिकाऱ्यास फारसे उपयोगी पडत नाही. दिनांक, वेळ, काय घडले आणि कोणी पाहिले, या चार गोष्टी प्रत्येक प्रसंगाबाबत लिहिल्या पाहिजेत. शाळेच्या वेळेत उपद्रव झाल्यास मुख्याध्यापकांनी तो त्याच दिवशी नोंदवहीत टिपावा. भांडण वा मारामारी झाल्यास पोलीस ठाण्यातील नोंदीचा क्रमांक जोडावा. ग्रामसभेचा ठराव केल्यास त्याची प्रत द्यावी. केवळ ठरावाने दुकान बंद होत नसले तरी तो लोकमताचा महत्त्वाचा पुरावा असतो. अर्ज जिल्हाधिकारी व अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क, यांच्या नावे करून आवक क्रमांकासह पोच अवश्य घ्यावी.

अधिकाऱ्यांचे कर्तव्यही तितकेच काटेकोर आहे. पूर्वसूचनेवाचून तपासणी करणे, साठा व नोंदवह्या ताडून पाहणे, पंचनामा करणे, तक्रारदारांचे जबाब घेणे आणि कारणे दाखवा नोटीस देऊन उभय पक्षांना ऐकणे, हा क्रम सोडला तर योग्य आदेशही अपिलात टिकत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध आयुक्तांकडे अपील करता येते, हे दोन्ही पक्षांनी लक्षात ठेवावे.

दुकानदाराची बाजू

दुकानदारही गावचाच असतो. त्याच्या दुकानावर दोन-चार घरांची चूल चालते. कधीकधी तक्रारीमागे धंद्यातील स्पर्धा वा जुने वैरही असते. म्हणून सुनावणी हा निव्वळ उपचार नव्हे. शिवाय, परवान्याचे दुकान बंद होऊन त्याची जागा चोरट्या हातभट्टीने घेतली तर गावाची हानी अधिकच होते. दुकान बंद झाल्यावर गावाची जबाबदारी संपत नाही, उलट ती तेथून सुरू होते.

अन्य राज्यांतील वाचकांसाठी

गोव्यात १९६४ चा, कर्नाटकात १९६५ चा आणि मध्य प्रदेशात १९१५ चा अबकारी कायदा लागू असल्याने तेथील कलमे व अधिकारी वेगळे आहेत. आडव्या बाटलीचा वरील आदेश तेथे लागू नाही. गुजरातेत दारूबंदी असल्याने प्रश्नाचे स्वरूपच निराळे आहे. तथापि दिनांकवार नोंद, लेखी अर्ज व त्याची पोच आणि सुनावणीस साक्षीदारांची हजेरी यांचे महत्त्व सर्वत्र सारखेच आहे. ज्या गावाने नोंद ठेवली, त्या गावाचे म्हणणे कोणत्याही कार्यालयास सहज बाजूला सारता येत नाही.