त्रिरश्मीवरील भिक्षूंची जमीन

राजाने दान दिले, शिलालेख कोरला आणि विषय संपला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु दिलेली जमीन पुढे टिकली कशी, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील, म्हणजेच प्राचीन त्रिरश्मी पर्वतावरील लेख या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत. त्यांचा काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक हा होय.

प्रथम क्षहरात क्षत्रप नहपान याची कन्या दक्षमित्रा व जावई ऋषभदत्त हे जोडपे पाहू. दहाव्या क्रमांकाचे लेणे ऋषभदत्ताचे. तेथेच दक्षमित्रेने स्वतःच्या नावाने खोली दान दिल्याचा लेख आहे. भिक्षूंच्या अन्नासाठी ऋषभदत्ताने एका ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना शेत विकत घेतले. सत्ता हाती असूनही त्याने किंमत मोजली आणि विकणाऱ्याचे नाव कोरून ठेवले. शिवाय गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापणे ठेवली. दरमहा दरशेकडा एक या दराने वर्षाचे व्याज २४० होते. म्हणजे वस्त्रांसाठी वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा. मुद्दल मात्र परत द्यायचे नाही, व्याजच वापरायचे. ज्याच्या घरच्या दोन पिढ्या परळ-लालबागच्या गिरण्यांत राबल्या आणि जो घरातून कॉलेजात आलेला पहिलाच, अशा मला विणकरांवरचा हा विश्वास वाचून अभिमान वाटला.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. राज्य बदलले की जुनी दाने बुडतात. येथे तसे झाले नाही. आपल्या १८व्या राज्यवर्षी त्याने ऋषभदत्ताच्या उपभोगातील २०० निवर्तने शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना दिले. २४व्या वर्षाची आज्ञा तर फारच बोलकी आहे. ती राजा आणि राजमाता या दोघांच्या नावे गोवर्धनच्या अमात्याला धाडलेली आहे. पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, त्या गावात वस्तीही नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत, असा तिचा आशय. राजपुरुषांनी त्या शेतात शिरू नये, मिठासाठी खणू नये, अशा सवलती देऊन त्यांची नोंद करण्याचाही हुकूम आहे.

आमच्या गावचा सातबारा आजोबांच्या नावावर आहे, पण शेत पडीक आहे. अशी जमीन कागदावर दिसते, तिच्यावर चूल पेटत नाही. दिलेल्या जमिनीत काही पिकत नाही ही गोष्ट माय-लेकांच्या कानी पोहोचली आणि त्यांनी ती मान्य केली, यातच त्यांच्या राज्यकारभाराचे मोठेपण आहे. या राजमातेचे नाव गौतमी बलश्री. नातू पुळुमावी याच्या १९व्या वर्षी तिने भिक्षूंना लेणे दिले; आणि २२व्या वर्षी पुळुमावीनेही भिक्षूंना आधी दिलेला गाव बदलून दुसरा दिला.

यावरून वाटते की, दान देणे ही एका दिवसाची गोष्ट, तर त्याची चौकशी ठेवणे हे पिढ्यांचे काम. मित्रांनो, इतिहासात लढायांच्या सनावळ्या जरूर पाठ कराव्यात. पण राज्य कसे होते हे जाणायचे, तर दुर्बलाच्या हाती दिलेल्या कागदाची पुढे कोणी विचारपूस केली, तेही पाहावे.