सूत्र कुठे चुकतं ते पाहा

मनामा, बहरीन

चि. मुक्ता,

'पीव्ही बरोबर एनआरटी' पाठ झालं, आता वास्तव वायूंचं परीक्षेपुरतं बघेन, असं तू लिहिलं आहेस. मला ते उलटं वाटतं. वायूची खरी ओळख सूत्र जिथे चुकतं तिथेच होते. आदर्श वायूच्या या सूत्रात रेणूंना आकारमान नाही आणि एकमेकांची ओढही नाही, म्हणून त्याच्या लेखी हायड्रोजन आणि ब्युटेन सारखेच. तुमच्या स्वयंपाकघरातलं सिलिंडर बघ. निम्मा गॅस संपला की सूत्राप्रमाणे दाब निम्मा व्हायला हवा. पण आत द्रव शिल्लक असेतो तो जवळपास तेवढाच राहतो. म्हणून तर किती उरलंय हे वजनावरून ठरवावं लागतं. आदर्श वायू कितीही दाबला तरी द्रव व्हायचा नाही. ओढ नसेल तर रेणू एकत्र येतील कशाला?

यावर तू म्हणशील, पुस्तकात 'जास्त तापमानाला वायू आदर्श वागतात' असं आहे, मग बहरीनच्या ४५ अंशांत प्रश्नच कुठे? पण जास्त म्हणजे कशापेक्षा? प्रोपेनचं क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही ते, सुमारे ९७ अंश सेल्सिअस, मिथेनचं उणे ८३. हाच उन्हाळा मिथेनला कडक आणि प्रोपेनला थंड. आणि मिथेनही काही धुतल्या तांदळासारखा नाही: साध्या तापमानाला १०० बार दाबाखाली तो सूत्राच्या हिशेबापेक्षा सुमारे १५ टक्के कमी जागा घेतो. बहरीनच्या जमिनीखाली खोल खफ थरात जो नैसर्गिक वायू आहे, त्याचा साठा मोजताना ही तफावत धरली नाही तर आकडाच चुकेल. वातावरणाच्या साध्या दाबाला हवेचा फरक एक टक्काही नसतो, हे खरं. तिथे सूत्र खुशाल वापर. फक्त ते किती चुकेल हे तुला सांगता यायला हवं.

व्हॅन डर वाल्सने १८७३ साली लायडनच्या प्रबंधात दोन कारणं वेगळी केली: ओढीसाठी 'ए', रेणूंच्या आकारमानासाठी 'बी'. ओढ वायूला आक्रसवते, आकारमान आक्रसू देत नाही. मिथेनवरचा दाब आणखी बराच वाढवला की दुसरं कारण वरचढ ठरतं आणि पीव्ही भागिले एनआरटीचा दाबाविरुद्ध काढलेला आलेख पुन्हा वर चढतो. चढताना तो आदर्श रेषेला एकदा छेदतो. तिथे आकडा तंतोतंत जुळतो, पण वायू आदर्श झालेला नसतो. दोन चुकांनी एकमेकींना खोडलेलं असतं. उत्तर जुळलं की पुढे जायची तुझी घाई मला खटकते ती यामुळेच. हायड्रोजन आणि मिथेनचे आलेख शेजारी शेजारी काढ, आणि साध्या तापमानाला हायड्रोजनची रेघ खाली का उतरत नाही, ते 'ए'च्या किमती बघून मला कळव.

तुझा,
काका