ध्वनिजन्य विकार आणि लहान सहयोगी संशोधन : निधीची एक व्यवहार्य योजना

प्रास्ताविक

सुमारे सहा वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात एक ३८ वर्षांचे गृहस्थ आले. कानात सतत सूं सूं असा आवाज, खंडित निद्रा, चिडचिड आणि अनियमित मलप्रवृत्ती अशा त्यांच्या तक्रारी होत्या. आम्ही वातप्रकोपाचे निदान केले. बिल्व तैलाचे कर्णपूरण, पादाभ्यंग, अनुलोमन आणि मेध्य औषधे अशी चिकित्सा योजिली. दोन महिन्यांत झोप थोडी सुधारली. कर्णनाद मात्र जैसे थे राहिला. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या पत्नी सोबत आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांना घरात दोनदा हाक मारली तरी ऐकू जात नाही. दिवसभर त्या दळायच्या मशीनपाशी उभे असतात, त्याचंच असेल का हो?"

चौकशीअंती कळले ते असे की, सदर गृहस्थ अकरा वर्षे एका आयुर्वेदीय औषधनिर्माणशाळेत पल्व्हरायझरवर काम करीत होते. त्याच निर्माणशाळेची चूर्णे आमच्या कपाटात होती. श्रवणमापन करून घेतले असता दोन्ही कानांत ४००० हर्ट्झच्या आसपास स्पष्ट घसरण दिसली. ध्वनिजन्य बाधिर्याची ती परिचित खूण होय. आम्ही दोष ओळखला, परंतु हेतू विचारला नाही. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आम्हीच ओलांडून पुढे गेलो होतो.

ही चूक एकट्या आमची असती तर तिची वाच्यता करण्याचे कारण नव्हते. परंतु आपल्या रुग्णपत्रकात आहार, विहार, निद्रा, व्यसन यांचे रकाने असतात. ध्वनीचा रकाना क्वचितच असतो. तो का असावा आणि त्यासाठी आपल्याच संघटनेने अल्प निधीतून संशोधन कसे उभे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात रोगांचे जे त्रिविध आयतन सांगितले, त्यात असात्म्येंद्रियार्थसंयोग अग्रस्थानी आहे. श्रोत्रेंद्रियाच्या संदर्भात मेघगर्जना, नगारे, आरडाओरडा यांसारखे शब्द अतिमात्रेने ऐकणे हा अतियोग. मुळीच न ऐकणे हा अयोग. आणि कठोर, भयप्रद, अप्रिय शब्द ऐकणे हा मिथ्यायोग होय. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात विकृत वायूची लक्षणे देताना आचार्यांनी त्याच्या अतिभयंकर आवाजाचाही उल्लेख केला आहे. ध्वनी एका व्यक्तीस पीडितो, तसा तो संपूर्ण वस्तीच्या अनारोग्याशीही जोडलेला असू शकतो, असा विचार यातून सुचतो.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग वर्णिले. कर्णनाद व बाधिर्य यांच्या संप्राप्तीत वायूचे प्राधान्य त्यांनी सांगितले आहे. कर्णनादाची उपेक्षा केल्यास प्रथम उच्च स्वरातील बोलणेच कष्टाने ऐकू येते आणि क्रमाने बाधिर्य येते, असा इशारा वाग्भटाचार्य देतात. आमच्या रुग्णाच्या पत्नीने सांगितले ते याहून निराळे नव्हते.

आधुनिक ज्ञानाची स्थिती

अंतर्कर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की मानवात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून स्थिर झालेल्या ध्वनिजन्य बाधिर्यावर प्रतिबंध हाच खरा उपाय आहे. ८५ डेसिबलच्या ध्वनीत आठ तास काम ही सुरक्षिततेची एक मान्य मर्यादा समजली जाते. दर ३ डेसिबलने ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. त्यामुळे ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे, असे हे गणित आहे.

हानी कानापुरती सीमित नाही. रात्रीच्या ध्वनीने मनुष्य जागा झाला नाही तरी नाडीची गती व रक्तदाब बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, पश्चिम युरोपात केवळ वाहतुकीच्या ध्वनीमुळे दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षे वाया जातात. याच संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी मार्गदर्शक मर्यादा दिल्या. त्यात रस्त्यावरील वाहतुकीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५, तर शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. नियम आहेत. परंतु आपल्या तालुक्यात, आपल्या पेठेत, आपल्या निर्माणशाळेत प्रत्यक्ष ध्वनी किती आणि त्याने कोणास काय झाले, याची नोंद कोणी ठेवावयाची?

लहान संशोधनाचे सामर्थ्य

संशोधन म्हणजे कोट्यवधींचा खर्च, ही समजूत दूर करण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. न्यूयॉर्क शहरातील एका प्राथमिक शाळेच्या एका बाजूने उन्नत लोहमार्ग जात होता. त्या बाजूच्या वर्गांत गाडी गेली की शिक्षकांना शिकविणे थांबवावे लागे. पर्यावरण-मानसशास्त्रज्ञ आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी एका सहकाऱ्यासह, त्याच शाळेतील गोंगाटाच्या व शांत बाजूंच्या वर्गांतील मुलांचे वाचनाचे गुण ताडून पाहिले आणि १९७५ मध्ये ते प्रसिद्ध केले. गोंगाटाच्या बाजूची मुले वाचनात मागे होती. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसविण्यात आल्या, वर्गांना ध्वनिशोषक छत लावण्यात आले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनरभ्यासात दोन्ही बाजूंच्या मुलांतील अंतर उरले नव्हते. या अभ्यासाला महागडी प्रयोगशाळा लागली नाही. प्रश्न नेमका होता, तुलनेसाठी योग्य गट होता, आणि निष्कर्ष योग्य दारी पोहोचला.

सहयोगाचे उदाहरण युरोपात आहे. सहा विमानतळांच्या परिसरातील ४५ ते ७० वयोगटाच्या ४,८६१ व्यक्तींची एकाच पद्धतीने तपासणी करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रात्रीचा विमानध्वनी १० डेसिबलने वाढल्यास उच्च रक्तदाबाचे सापेक्ष प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी अधिक आढळले. हा प्रकल्प मोठा होता. परंतु त्यातील धडा लहानांसाठीही आहे. एका वैद्याकडील तीस रुग्णांवरून फारसे काही सिद्ध होत नाही. दहा वैद्यांनी एकच पत्रक, एकच व्याख्या आणि एकच मापनपद्धती वापरली, तर तीनशे रुग्णांची सुसंगत माहिती जमते.

ही कल्पना आपणास परकी नाही. चरकसंहितेतील तद्विद्यसंभाषा म्हणजे समविद्य जनांनी एकत्र बसून केलेला विचारच होय. त्यातील संधाय संभाषा, म्हणजे स्नेहभावाने केलेली चर्चा, सहयोगी संशोधनाचा पाया ठरावी.

तीन प्रस्तावित प्रकल्प

(१) निर्माणशाळेतील ध्वनी : पल्व्हरायझर, डिसइंटिग्रेटर, बॉल मिल, चाळणी यंत्र यांच्याजवळ कामगाराच्या कानाच्या उंचीवर ध्वनिमापन करावे. त्या विभागातील कामगार आणि वेष्टन विभागातील समवयस्क कामगार यांचे श्रवणमापन करून तुलना करावी. श्रवणमापनापूर्वी किमान चौदा तास कामगार गोंगाटापासून दूर असावा. म्हणून तपासणी सुट्टीनंतरच्या सकाळी ठेवावी.

(२) ढोल-ताशा पथकातील वादक : गणेशोत्सवापूर्वीच्या सरावाआधी, विसर्जनानंतर लगेच आणि त्यानंतर एक महिन्याने असे तीन वेळा श्रवणमापन करावे. कर्णरोधक वापरणारे व न वापरणारे असे दोन गट स्वाभाविकपणे मिळतील. येथे कोणाच्या उत्सवप्रेमास दूषण देण्याचा हेतू नाही. वादक ही आपलीच मुले आहेत आणि त्यांचे कान आयुष्यभर टिकावयास हवेत.

(३) रात्रीचा ध्वनी व निद्रा : हमरस्त्यालगत राहणारे आणि आतल्या गल्लीत राहणारे, अशा दोन गटांतील प्रौढांची निद्रा, रक्तदाब, अग्नी व मलप्रवृत्ती यांची नोंद घ्यावी. वय, वजन, व्यसन व उत्पन्न यांचीही नोंद आवश्यक आहे. अन्यथा या कारणांचा परिणाम आपण ध्वनीच्या माथी मारू.

तिन्ही प्रकल्पांत प्रकृतिपरीक्षण समाविष्ट करावे. समान ध्वनीत वातप्रकृतीच्या व्यक्तीस अधिक उपद्रव होतो काय, हा प्रश्न आपल्याखेरीज कोण विचारणार? मात्र प्रकृतिपरीक्षण करणाऱ्या वैद्यास श्रवणमापनाचा निष्कर्ष आधी ठाऊक नसावा. कर्णपूरणाच्या परिणामकारकतेची चाचणी हा त्यापुढील टप्पा होय. आधी हानी मोजावी, मग उपायाचा दावा करावा.

निधीची योजना

समजा, संघटनेच्या ३०० सभासदांनी वर्षाला प्रत्येकी ५०० रुपये दिले, तर १,५०,००० रुपये जमतात. त्यातून प्रत्येकी ५०,००० रुपयांचे तीन प्रकल्प उभे राहू शकतील. ही रक्कम क्षुल्लक मानू नये. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'स्पार्क' ही योजना सुरू केली, तेव्हा तिचे विद्यावेतन दोन महिन्यांसाठी एकूण ५०,००० रुपयेच होते.

खर्च वाचविण्याचे मार्ग अनेक आहेत. प्रमाणित ध्वनिमापक व त्याचे कॅलिब्रेटर संघटनेने एकदाच घ्यावे आणि ते आळीपाळीने फिरवावे. प्रत्येक मापनापूर्वी व नंतर कॅलिब्रेटरच्या ९४ डेसिबल ध्वनीवर यंत्र तपासावे. मोबाइलमधील ॲप प्राथमिक अंदाजास ठीक. संशोधनात त्यावर विसंबू नये. जवळच्या विज्ञान महाविद्यालयातील भौतिकशास्त्राचे व संख्याशास्त्राचे अध्यापक, कर्णतज्ज्ञ आणि श्रवणतज्ज्ञ यांना प्रारंभापासून सहसंशोधक म्हणून सोबत घ्यावे. माहिती गोळा झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणे म्हणजे रोग असाध्य झाल्यावर वैद्याकडे जाणे होय.

निधी देताना पुढील पथ्ये पाळावीत, असे आम्ही सुचवितो :

१. अर्ज दोन पानांचा असावा. प्रश्न कोणता, तुलना कोणाशी, मापन कशाने, आणि निष्कर्ष कोणास कळविणार, एवढेच त्यात विचारावे.

२. किमान तीन चिकित्सालये अथवा संस्था सहभागी असल्याखेरीज निधी देऊ नये.

३. आयुर्वेद महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी. चिकित्सेची चाचणी असल्यास भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, पहिला रुग्ण घेण्यापूर्वी नोंदणी करावी.

४. रक्कम तीन हप्त्यांत द्यावी : आरंभी ४० टक्के, निम्मी माहिती जमल्यावर ४० टक्के, आणि अहवाल सादर झाल्यावर २० टक्के.

५. निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो या त्रैमासिकात छापला जावा. 'फरक आढळला नाही' हाही निष्कर्षच आहे.

६. निर्माणशाळेने निधी दिल्यास तो संघटनेच्या स्वतंत्र खात्यात यावा. ज्या निर्माणशाळेचे तैल तपासले जाईल, तिच्या मालकांचा अथवा नोकरांचा विश्लेषणात सहभाग नसावा.

निर्माणशाळा चालविणाऱ्या बंधूंना विनंती

पहिल्या प्रकल्पास सर्वाधिक अडथळा आपल्याकडूनच येईल, अशी शंका काही सभासदांनी आमच्याजवळ व्यक्त केली. यंत्राजवळचा आकडा कागदावर आला तर उद्या तो आपल्याविरुद्ध वापरला जाईल, ही भीती आम्ही समजू शकतो. म्हणून निर्माणशाळांची नावे अहवालात सांकेतिक क्रमांकांनी यावीत आणि प्रत्येक मालकास केवळ स्वतःचे आकडे द्यावेत. कामगाराचा श्रवण-अहवाल मात्र त्या कामगाराच्याच हाती दिला पाहिजे आणि त्यामुळे त्याची नोकरी जाणार नाही, याची लेखी हमी आधी मिळाली पाहिजे. या दोन बाबींवर तडजोड करता येणार नाही.

उपाय फार खर्चिक नसतात. यंत्राखाली रबराची बैठक, झिजलेल्या बेअरिंगची वेळीच बदली, कुट्टन विभागास स्वतंत्र दार, कामाच्या पाळ्यांची अदलाबदल आणि कर्णरोधकांचा नियमित वापर, इतक्यानेही बराच फरक पडू शकतो. तो किती पडला, हे मोजून सांगणे हाच प्रकल्पाचा उत्तरार्ध ठरेल.

उपसंहार

आमच्या त्या रुग्णाने पुढे वेष्टन विभागात बदली मागून घेतली. त्यांची श्रवणशक्ती परत आली नाही. ती आणखी घटली नाही, एवढेच समाधान. कर्णनाद अद्याप आहे, झोप बरी लागते. त्यांच्या जागी यंत्रावर आता दुसरा तरुण उभा आहे. त्याचे श्रवणमापन झालेले नाही.

आगामी सर्वसाधारण सभेत या निधीचा ठराव मांडण्याचा आमचा मानस आहे. सभासदांनी आपली मते, हरकती व दुरुस्त्या संपादकांकडे लेखी कळवाव्यात. ठराव संमत होवो अथवा न होवो, एक गोष्ट मात्र उद्याच सुरू करता येईल आणि तिला एक रुपयाही लागणार नाही. आपल्या रुग्णपत्रकात निद्रेच्या रकान्याखाली आणखी एक ओळ आखावी : दिवसा काम कोठे, रात्री झोप कोठे, आणि तेथे आवाज किती?